खुंटीवरचे दोन मफलर

"हिरवा? हिरवा कुठला, हिरवा? अरे विटेसारखा लाल होऊन बसलाय तो तुझ्या हातात! डोळे काय काटोलला ठेवून आलास?"

आमचे सर ओरडत होते. सर ओरडले की प्रयोगशाळेच्या छपरावरची कबुतरं उडत, ती थेट सीताबर्डीच्या किल्ल्यावर जाऊन बसत आणि सर घरी गेल्याची खात्री झाल्याशिवाय परतत नसत, असं मी आजवर किती जणांना सांगितलं असेल याला गणती नाही. एकानंही अजून हरकत घेतलेली नाही. आम्ही त्यांना तोफखाना म्हणत असू. तोफेच्या तोंडी त्या दिवशी मुरलीधर उभा होता. काटोलकडच्या संत्र्यांच्या बागेतून आलेला, उंच, किडकिडीत, एका हातात चिमट्यात धरलेली परीक्षानळी आणि चेहरा अगदी शांत. नळीतला रंग मला चार टेबलांवरून दिसत होता. तो लाल होता. माझ्या आजीला दिसला असता, आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते.

गेल्या महिन्यात सकाळी मुरलीधरच्या धाकट्या भावाचा फोन आला. "दादा गेला," एवढंच तो म्हणाला. झोपेतच गेला होता. मी फोन खाली ठेवला आणि मला पहिल्यांदा आठवलं ते काय, तर हे ओरडणं... माणूस एवढं आयुष्य काढतो, आणि आठवण येते ती त्यानं खाल्लेल्या शिव्यांची. पुढे जे लिहितोय ते मुरलीधर हयात असता तर लिहिता आलं नसतं. कुसुमवहिनींना, म्हणजे त्याच्या पत्नीला, विचारून लिहितोय. त्या म्हणाल्या, "लिहा. तुम्ही न लिहिता मले सांगतच असता."

दिवस लढाईचे होते. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं, साखर रेशनवर होती आणि आम्ही दोघं कॉलेजात जीवरसायन आणि आनुवंशशास्त्र शिकत होतो. हे विषय तेव्हा इतके नवे होते, की माझे वडील, जे सेक्रेटरिएटात कारकून होते आणि ज्यांना जगातल्या सगळ्या खात्यांची नावं पाठ होती, तेही सहा महिने विचारत राहिले, "पण याचं ऑफिस कुठे असतं?" काम असं की सकाळी दवाखान्यातून आलेल्या लघवीत साखर शोधायची, आणि दुपारी दुधाच्या बाटल्यांमध्ये केळ्याच्या लगद्यावर वाढवलेल्या बारीक माश्यांचे डोळे पाहायचे. सकाळी लघवी, दुपारी माश्या. महाल भागातल्या आमच्या घरी मी जेवायला बसलो की आई माझा पाट हळूहळू लांब सरकवत असे. शेवटच्या वर्षी मी जवळजवळ शेजाऱ्यांकडेच जेवत होतो. आणि गंमत अशी, की घरात चहाला गूळ, आणि ज्या माणसाच्या लघवीत साखर सापडे त्याच्याबद्दल आम्हांला आजाऱ्याची दया येण्याऐवजी श्रीमंताचा हेवा वाटे.

साखर शोधायची पद्धत सोपी होती. निळ्या द्रावणात नमुन्याचे थेंब टाकायचे आणि उकळायचं. साखर अगदी थोडी असेल तर रंग हिरवट होतो, भरपूर असेल तर विटकरी. पोरंही करतील. फक्त त्या पोराला हिरवा आणि विटकरी वेगळे दिसले पाहिजेत.

त्या दिवशी शिव्या खाऊन झाल्यावर मुरलीधर मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. मी शेजारी बसलो. बराच वेळ तो समोरच्या गवताकडे आणि पलीकडच्या लाल कौलांच्या छपराकडे आळीपाळीनं पाहत होता.

"बंड्या," तो म्हणाला, "तुले खरंच ते लाल दिसलं?"

"मले काय, आंधळ्याले दिसलं असतं. काहून, तुले काय दिसलं?"

"मले हे गवत अन् ते कवेलू सारखेच दिसतात. लहानपणापासून."

"काहीही सांगून राहिला का गा?"

"नाही. खरं सांगून राहिलो."

मी हसणार होतो. मग मला संत्री आठवली. मुरलीधर दर आठवड्याला घरून टोपलीभर संत्री आणी आणि त्यातलं पिकलेलं नेमकं काढून देई. तळहातावर तोलायचं, अंगठ्यानं साल दाबून ती किती सुटली आहे ते पाहायचं, देठाशी नाक न्यायचं, आणि म्हणायचं, "हे घे." आख्खं वसतिगृह त्याला संत्र्यांचा जवाहिऱ्या मानत होतं. मीही मानत होतो. बागायतदाराच्या पोरानं एकदाही संत्र्याच्या रंगाकडे पाहिलं नव्हतं, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं!

त्याच्या मामालाही हेच होतं. मामा रेल्वेत गार्डाच्या नोकरीला गेले तेव्हा डॉक्टरनं रंगीत लोकरीच्या लडी समोर टाकल्या आणि सारख्या रंगाच्या वेगळ्या करायला सांगितल्या. मामांनी अशा काही जोड्या लावल्या की डॉक्टरनं कंपाउंडरला बोलावून आणलं, नुसतं बघायला. मामा त्याच गाडीनं परत आले आणि पुन्हा कधी कोणाकडे नोकरी मागायला गेले नाहीत. मुरलीधरला तेच भय होतं. कॉलेजात कळलं तर शास्त्र शाखेतून नाव काढतील. असा नियम होता की नाही देव जाणे, पण आमची खात्री होती, आणि विचारायला जायचं म्हणजे सांगणंच की!

म्हणून आम्ही खोकला काढला. मी त्याच्या मागच्या टेबलावर जागा मिळवली. त्यानं नळी खिडकीकडे धरायची, जणू बारकाईनं पाहतोय. लाल असेल तर मी एकदा खोकायचं, हिरवा असेल तर दोनदा, आणि अधला-मधला असेल तर नुसता घसा खाकरायचा. वर्षभर हे इतकं बिनबोभाट चाललं, की मुरलीधरचे निकाल वर्गात सगळ्यांत अचूक ठरू लागले, आणि माझी छाती कमकुवत आहे ही बातमी गच्चीगच्चीवरून गोंदियापर्यंत पोचली. माझ्यासाठी सांगून आलेली एक मुलगी त्यापायी परत गेली. सर मात्र हळवे झाले. एके दिवशी त्यांनी खिशातून ज्येष्ठमधाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि तोफेच्या मानानं अगदी पिस्तुलाच्या आवाजात म्हणाले, "चघळत जा." मला ती चव सोसत नसे. सगळं ज्येष्ठमध मुरलीधरच्या खिशात जाई. तेव्हापासून त्याच्या गालात ती काडी आली, ती शेवटपर्यंत.

दुसऱ्या वर्षी सरांनी माश्यांच्या डोळ्यांचा धडा घेतला. पांढऱ्या डोळ्यांच्या नराची लाल डोळ्यांच्या मादीशी गाठ घातली तर पोरं सगळी लाल डोळ्यांची; पण त्यांतल्या पोरींना पुढे जे नर होतात, त्यांतल्या निम्म्यांचे डोळे आजोबासारखे पांढरे. म्हणजे दोष पोरीतून जातो, पण पोरीत दिसत नाही. हे मुरलीधरला बाटलीत छान दिसत होतं. पांढरा तो पांढराच. एकाएकी तो उभा राहिला.

"सर, माणसांतही असं असतं?"

"असतं. काहींना लाल-हिरवं कळत नाही, ते असंच येतं. आईच्या बापाकडून." आणि सर फळा पुसायला वळले.

मुरलीधर त्याच आठवड्यात घरी गेला. त्याच्या आईची समजूत होती की हा पोटात असताना तिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली, म्हणून पोराचे रंग पुसले गेले. सासूनं तसं सांगितलं होतं आणि ती बाई वीस-बावीस वर्षं ते मनात घेऊन बसली होती. यानं तिला चुलीसमोर बसवून, कोळशानं फरशीवर माश्या काढून, सगळं समजावलं. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, म्हणजे तू माह्या बापासारखा झाला. मग ठीक आहे." त्यानं काडी दुसऱ्या गालात सरकवली. "आजाही संत्रं हुंगूनच तोडे गा... मी लहानपणी त्याच्याकडूनच तर शिकलो."

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना परीक्षा आली. एप्रिलमधली. नागपूरचा एप्रिल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : टाक दौतीत बुडवून कागदापर्यंत नेईस्तोवर शाई वाळत असे. मी तर उत्तरपत्रिकेला दौत चिकटवूनच धरली होती. प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक आले, कलकत्त्याकडचे, नदीकाठच्या ओल्या हवेतले, गोल चष्म्याचे सभ्य गृहस्थ. स्टेशनावर उतरून आमच्या धुळीचा पहिला श्वास घेतल्यापासून त्यांना जो खोकला लागला तो काही थांबेना.

मुरलीधरनं पहिली नळी उकळून खिडकीकडे धरली. ती लाल होती. मी एकदा खोकलो. त्याच क्षणी त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या परीक्षकांनी एक खोक टाकली. दोन झाल्या. मुरलीधरनं लिहिलं, हिरवा. दुसरी नळी हिरवी निघाली. आता गृहस्थ थांबतील म्हणून मी वाट पाहिली. ते एकदाच खोकले आणि पुढे सरकले, आणि मी तोंड उघडायच्या आत यानं लाल लिहून टाकलं. मग मी चूक सुधारायला म्हणून खोकत सुटलो. परीक्षक खोकत होते, मी खोकत होतो, समोरच्या रांगेतल्या दोघांना बघून-बघून खोकला आला, आणि मध्येच मुरलीधर नळी धरून असा उभा, जणू एकाच वेळी दहा स्टेशनमास्तर त्याला झेंडे दाखवताहेत. सरांना वाटलं साथ आली. त्यांनी खिडक्या लावायला सांगितल्या. मग तर उजेडही गेला.

बाहेर आल्यावर आम्ही उत्तरं ताडून पाहिली. नमुने दोनच होते आणि दोन्ही उलटे लिहिले गेले होते. या विषयात प्रात्यक्षिकात गेला तो सगळ्यातच गेला. त्याच्या बापानं आधीच सांगून ठेवलं होतं, नापास झालास तर बागेत ये, तिथं रंग कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती, माश्यांच्या खोलीत. माझी आटोपली होती. मी दाराच्या फटीला डोळा लावून उभा होतो, म्हणून पुढचं शब्दशः सांगतो. इंग्रजीत झालं, पण मायभाषेत ते जास्त बरं वाटतं.

"तुमच्या कालच्या उत्तरावर एखाद्या डॉक्टरनं विश्वास ठेवला असता," परीक्षक म्हणाले, "तर ज्याला साखर आहे तो मिठाई खाऊन मेला असता, आणि ज्याला नाही तो उपाशी. वर्षभराचे तुमचे निकाल उत्तम आहेत. काल काय झालं?"

सर खिडकीबाहेर पाहत होते. मग मुरलीधरनं गालातली काडी काढून खिशात ठेवली, खडू उचलला आणि फळ्यावर एक चौकोन काढून तो खडूनं भरला. त्याखाली एक वर्तुळ, मोकळं. वर्तुळाशेजारी एक चौकोन, भरलेला. वर्तुळाखाली आणखी एक चौकोन. तोही त्यानं सावकाश भरला, अगदी कोपऱ्यापर्यंत.

"हा आजा. ही मुलगी. हा मामा, त्याला आजीकडून आलं असणार. हा नातू."

"हे कुठल्या घराण्याचं?"

"माझ्या, सर. नातू मी. मला लाल-हिरवं कळत नाही."

सर गर्रकन वळले. मी डोळे मिटून तोफेची वाट पाहिली. तोफ उडाली नाही.

"मग वर्षभर?" परीक्षकांनी विचारलं.

"दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं."

परीक्षकांनी चष्म्यावरून थेट दाराच्या फटीकडे पाहिलं. मी पायरीवर खाली बसलो... पण कान फटीतच ठेवला.

"रंग दिसत नाही त्यानं या विषयात काय करायचं?"

"रंगावाचून करायचं, सर. कालचेच नमुने द्या."

आणि त्यानं जे केलं ते तो वर्षभर मनात घोळवत होता, हे मलाही ठाऊक नव्हतं. माश्यांना चारायला सदरच्या बेकरीतून आणलेलं पावाचं खमीर त्या खोलीत होतंच. त्यानं ते दोन्ही नमुन्यांत कालवलं, एकेका लहान नळीत काठोकाठ भरलं, नळ्या मोठ्या नळ्यांमध्ये उलट्या उभ्या केल्या आणि नेऊन व्हरांड्यातल्या उन्हाशी ठेवल्या. खमीर साखर खातं आणि वायू सोडतं. जेवढी साखर तेवढा वायू, आणि तो वर चढून नळीतलं पाणी खाली ढकलतो. दुसरीकडे याला निम्मा दिवस लागला असता. पण नागपूरच्या उन्हानं इतक्या लोकांचे जीव घेतले, त्यानं त्या दुपारी एकाचा वाचवला. खमीर नुसतं उकळ्या मारत होतं. वाट बघताना परीक्षकांना पुन्हा उबळ आली, तेव्हा मुरलीधरनं खिशातून एक कोरी काडी काढून त्यांना दिली. ते काडी चघळत खुर्चीवर बसले, सर दुसरीवर, आणि तिघंजण दोन नळ्यांकडे पाहत राहिले, घड्याळाकडे बघावं तसे.

एका नळीत अर्ध्याहून जास्त पोकळी झाली. दुसरीत वाटाण्याएवढा बुडबुडा.

"यात भरपूर, यात नाममात्र," मुरलीधर म्हणाला. "काल उलटं लिहिलं होतं."

परीक्षकांनी नळ्या बोटानं वाजवून पाहिल्या. "काल असं का नाही केलंत?"

"काल सोपं वाटत होतं, सर."

तो काठावर पास झाला. मी त्याच्याहून वर आलो आणि आयुष्यभर विमा विकला. तो माझ्याखाली आला आणि आयुष्यभर जीवरसायन शिकवलं. सरांनी त्या दिवशी दार उघडून मला कानाला धरून आत घेतलं आणि बजावलं, ही गोष्ट या चौघांबाहेर जाता कामा नये, गेली तर याला कोणी नोकरी देणार नाही. सांगणाऱ्या माणसाला एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवायला लावणं ही शिक्षा मला कशी झाली असेल, कल्पना करा. मी ठेवली. तीसेक वर्षं त्यानं पोरांना शिकवलं आणि एकालाही संशय आला नाही. त्याच्या प्रयोगशाळेत शिस्तच अशी होती, की पोरानं नुसतं "लाल झालं" म्हटलं की मुरलीधर म्हणे, "रंग कोणीही सांगेल. गाळ बसला का, किती बसला, किती वेळात बसला, ते सांग." पोरांना तो भारी खोल वाटे.

लग्न ठरलं तेव्हा मी विचारलं, मुलीला सांगितलंस? महालातलीच मुलगी होती ती, आमच्या दोन गल्ल्या सोडून.

"पहिल्या दिवशीच सांगितलं. खोकल्याचंही."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं."

कुसुमवहिनी तशा मोजकंच बोलणाऱ्या. प्रकृतीनं खणखणीत, एक तो खोकला सोडला तर. लग्नानंतर त्यांना जो खोकला जडला तो काही गेला नाही. कापडाच्या दुकानात तागे उलगडले की खोकला, भाजीबाजारात खोकला, कोणाच्या लग्नात द्यायची साडी मुरलीधरसमोर ठेवली की खोकला. मी सगळ्या नागपुरात सांगत असे, की सीताबर्डीवरचे कापडवाले वहिनींचा खोकला ऐकूनच भाव उतरवतात, म्हणतात बाई आधीच आजारी आहे. संत्र्यांच्या ढिगासमोर मात्र तो अजिबात येत नसे. मी त्याची उपपत्तीही बसवली होती : सालीतल्या तेलाच्या वासानं छाती मोकळी होते. ही उपपत्ती मी दोन वैद्यांना ऐकवली आणि त्यांतला एक ती वापरू लागला. हिवाळ्याच्या संध्याकाळी मी आणि मुरलीधर फिरायला निघत असू. दाराशी खुंटीवर त्याचे दोन मफलर, एक हिरवा, एक तांबडा, बहिणीनं एकाच विणीत विणलेले. त्याचा हात खुंटीशी जाऊन क्षणभर थांबे, आतून वहिनींचा खोकला येई, आणि तो त्या दिवशीच्या कोटाला शोभेलसा मफलर गळ्यात टाकून बाहेर पडे. मी म्हणायचो, "अरे, फोडणीचा ठसका लागतोय त्यांना, खिडकी मोठी करून घे." आणि दर भेटीला मी इतवारीतून ज्येष्ठमधाची पुडी आणून त्यांच्या हातावर ठेवी. त्या "राहू द्या, भाऊजी," म्हणत ठेवून घेत. पुढच्या खेपेला पाहावं तर काडी मुरलीधरच्या गालात.

परवा गेलो होतो. सवयीनं पुडी घेऊन गेलो. वहिनी त्याचे कपडे वेगळे काढत होत्या, वाटून टाकायला. शर्ट, कोट, धोतरं, नीट घड्या घालून. मी त्यांना परीक्षेची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी परीक्षकांच्या खोकल्यानं मी खिडकीची काच फोडली. त्या ऐकत होत्या. निघताना म्हणाल्या, "भाऊजी, खुंटीवरचा एक मफलर तुम्ही घेऊन जा. वापरा."

मी खुंटीशी गेलो. हात पुढे केला आणि तसाच उभा राहिलो. का ते मला कळेना. काहीतरी व्हायचं राहिलं होतं. घर अगदी शांत होतं... मग लक्षात आलं, की मी येऊन दोन तास झाले आणि वहिनी एकदाही खोकल्या नाहीत. तेराव्यालाही नाही. तो गेला त्या सकाळीही नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "खोकला बरा झाला म्हणायचा तुमचा?"

त्यांनी ज्येष्ठमधाची पुडी उचलून माझ्या हातात परत दिली.

"मले खोकला नव्हताच कधी, भाऊजी."